शेरा : घर बंद

जगाचा शेवट कसा होणार हे अनंतराव चक्रनारायणांना तोंडपाठ होतं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले सात शिक्के कुठल्या क्रमाने फुटणार, सात कर्णे कधी वाजणार, शेवटच्या कर्ण्याला मेलेले कसे उठणार, सात वाट्या कशाकशावर ओतल्या जाणार, मग ती हजार वर्षं, मग शेवटचा न्याय. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी एक कर्णा इकडचा तिकडे झाला नसता. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस तो. देवाच्या राज्याचीसुद्धा यांनी फाईल करून ठेवलीय, असं त्यांच्या बायकोचं, सुहासिनीबाईंचं, म्हणणं होतं. आणि सुहासिनीबाई म्हणत ते बहुतेक खरं असे, म्हणूनच अनंतरावांना ते झोंबे.

पुण्यात कॅम्पाच्या अंगाला त्यांची मराठी मंडळी. चर्चच्या सगळ्या माणसांना मिळून मंडळी म्हणायची पद्धत आहे. या मंडळीचे ते सत्तावीस वर्षं सेक्रेटरी. सभासदांची यादी, बाप्तिस्म्याचे दाखले, कबरस्तानात जागा मिळण्याची पत्रं, सगळं त्यांच्या सहीने. शिवाय नोव्हेंबरातल्या दर बुधवारी संध्याकाळी साडेपाचला ते शेवटच्या काळाचा अभ्यासवर्ग घेत. नऊ फुटी कापडी तक्ता भिंतीला टांगायचा, बुधवार पेठेतून आणलेल्या रंगांनी तो त्यांनी स्वतः रंगवलेला, सात डोक्यांच्या भयंकर प्राण्यांसकट, आणि हातात छडी घेऊन जगाची उत्पत्ती ते शेवट असा प्रवास घडवायचा. लोक वर्षानुवर्षं तेच ऐकायला येत. घाबरायला माणसाला आवडतं, बाजूला ओळखीची माणसं बसलेली असली की.

यंदाच्या शेवटच्या बुधवारी ते न्यायापाशी आले. छडी तक्त्यावरच्या देवाच्या पांढऱ्या राजासनावर टेकवली. "इथे पुस्तकं उघडली जातील. ज्याने जे केलं, जो जे बोलला, ते सगळं त्यात लिहिलेलं असेल. आणि एक वेगळं पुस्तक असेल, जीवनाचं. त्यात ज्याचं नाव सापडणार नाही..." एवढं बोलून ते थांबले. दर वर्षी ते इथेच थांबत.

दुसऱ्या बाकावर यमुनाबाई पाटोळे बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पायांना सूज, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. मांजरीहून दोन बस बदलून त्या या वर्गाला येत, एकही चुकवत नसत, आणि आजवर त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी हात वर केला.

"सेक्रेटरीसायेब, एक इचारू?"

"विचारा की."

"त्या पुस्तकात माज्या शंभूचं नाव हाय का?"

अनंतरावांनी चष्मा सारखा केला, आणि अडचणीत सापडलेल्या पुणेकराला जे सुचतं तेच त्यांनाही सुचलं. "यमुनाबाई, ते रजिस्टर काही माझ्या ताब्यात नाही. असतं तर बघून सांगितलं असतं."

दोघंतिघं फिसकन हसली. यमुनाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"ते मला बी ठावं हाय. पर हितलं तुमच्या ताब्यात व्हतं. हितनं तुमी त्याचं नाव कापलं. आन तुमीच मला म्हनाला व्हता, हितल्या यादीत न्हाई तो तिथल्या यादीत कसा असंल. म्हनून इचारते. डाक्टर म्हनतो, आता जास्त दिस न्हाईत. जायच्या आदी मला कळाया पायजे."

"यावर आपण नंतर बोलू," अनंतराव म्हणाले. छडी त्यांनी टेबलावर ठेवली. त्या दिवशी नवं आकाश आणि नवी पृथ्वी त्यांनी पाच मिनिटांत उरकली.

घरी ते ताटातली भाजी नुसती चिवडत बसले.

"अहो, भाजी बिघडलीय की तुम्ही?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"यमुनाबाईंनी काय विचारलं म्हणे आज?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. जगाचा शेवटसुद्धा मला त्यावरच कळणार आहे."

अनंतराव ताटावरून उठले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं होतं. बायको साधं बोलत होती, आणि यांना वाटत होतं, हिला सगळं ठाऊक आहे. ठाऊक कुणालाच नव्हतं. निदान अनंतरावांची तशी समजूत होती.

झालं होतं ते असं.

शंभू हा यमुनाबाईंचा एकुलता एक मुलगा. आजोबाचं नाव ठेवलेलं. ख्रिस्ती झालो म्हणून बापाचं नाव टाकून द्यायचं का, असा त्याच्या वडिलांचा, ज्ञानदेवांचा, रोकडा सवाल होता. शंभू लोणी काळभोरकडच्या एका कारखान्यात कामाला होता. हसरा, आणि जिभेला हाड नसलेला. त्या सुमारास दोन हजार बारा साली जग बुडणार अशी सगळीकडे आवई उठली होती, आणि आपले अनंतरावही तिच्यासोबत वाहवत गेले. त्यांनी तक्त्यावर एक लाल बाण काढला. "तारीख मी सांगत नाही, तारीख पित्यालाच ठाऊक," असं म्हणायचे आणि छडी बाणावर नेऊन ठेवायचे. शहाण्याला शब्दाचा मार! एका घराने तर मुलीचं लग्न घाईघाईने अलीकडे ओढलं.

वर्ष सरलं. जग होतं तिथेच राहिलं. पुढच्या वार्षिक सभेत अनंतराव अहवाल वाचून खाली बसले आणि मागून शंभू उठला. "सेक्रेटरीसायेब, जग काय बुडालं न्हाई. आता फुडची तारीख कवाची धरायची? मला कंपनीत रजा टाकावी लागंल."

अख्खा हॉल खो खो हसला. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, तेही हसले. बायकांच्या बाजूला सुहासिनीबाईसुद्धा हसल्या. तोंडाला पदर लावून का होईना, हसल्या. बाकी सगळ्यांचं अनंतरावांनी सोडून दिलं असतं, पण बायकोचं ते हसणं त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

मंडळीचा एक जुना नियम होता. तीन वर्षं जो प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, आला नाही त्याचं नाव यादीतून कमी करायचं. पण त्याआधी सेक्रेटरीने स्वतः त्याच्या घरी जायचं, अडचण विचारायची, सोबत प्रार्थना करायची आणि रजिस्टरात भेटीचा शेरा लिहायचा. नियम कुणीतरी शहाण्या माणसाने केला होता. शंभूची रविवारी पाळी असे, त्यातच ज्ञानदेव अर्धांगाने अंथरुणाला खिळले. तो का येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. अनंतरावांना तर नक्कीच होतं. त्या वर्षी यादी करायला ते घरच्या टेबलाशी बसले, शंभूच्या नावापाशी आले, आणि समोरचा चहा निवायच्या आत त्यांनी लिहिलं : भेट दिली. घर बंद होते. खाली तारीख आणि सही. कमिटीपुढे नावं वाचली गेली, कुणी हरकत घेतली नाही. नाव गेलं.

इथवर ही क्षुद्र गोष्ट होती. माणसं अशा क्षुद्र गोष्टी करतात आणि विसरतात. पण दोन वर्षांनी सोलापूर रस्त्यावर एका ट्रकने शंभूला उडवलं.

सकाळी दहाला यमुनाबाई चर्चच्या ऑफिसच्या दारात आल्या. पायात चप्पल नव्हती. "कबरस्तानात त्याच्या बापाशेजारी जागा हाय. तेवढं पत्र द्या." पाळक महिन्यापूर्वीच बदलून आलेले, त्यांना कोण कुठला याचा पत्ता नव्हता. त्यांनी रजिस्टर उघडलं, शेरा वाचला आणि विचारलं, "सेक्रेटरीसाहेब, काय करायचं?"

एक वाक्य पुरलं असतं. मी गेलो नव्हतो, एवढंच. ते अनंतरावांच्या ओठांपर्यंत आलंही. पण नव्या पाळकापुढे पहिल्याच महिन्यात खोटारडा ठरायचं? ते म्हणाले, "नियम तर स्पष्ट आहे. यादीत नाव नाही त्याला जागा नाही."

यमुनाबाईंनी दाराची चौकट धरली. "देवाकडं तरी त्याचं नाव हाय ना?" अनंतरावांना स्वतःचाच इतका राग आला होता की तो कुठेतरी काढायलाच हवा होता, आणि समोर ही बाई उभी होती. "इथल्या यादीत नाही तो तिथल्या यादीत कसा असेल, बाई?"

शंभूला लोणी काळभोरला, त्याच्या मामाच्या शेतात, बांधाच्या कडेला पुरलं. मंडळीतलं कुणी गेलं नाही. याला नऊ वर्षं झाली.

या नऊ वर्षांत अनंतरावांनी देवाजवळ क्षमा मागितली नाही असं नाही. शेकडो वेळा मागितली. पण मागताना ते नेहमी 'माझ्या हातून झालेल्या चुका' असं मोघम म्हणत. कचेरीतली सवय. नेमकी चूक कागदावर आली की तिला उत्तर द्यावं लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी त्यांना एक वाट सापडली. ते उठून पाळकांकडे गेले. आताचे पाळक विश्वजीत भालेराव, चौतिशीचे, मऊ स्वभावाचे. "शंभू पाटोळेचं नाव यादीत परत घ्यावं म्हणतो. मरणोत्तर. लिपिकीय चूक झाली होती."

"कशी चूक?"

"जुनं प्रकरण आहे हो. नोंदीत गडबड."

पाळकांनी जास्त खोदलं नाही, सही केली. "फार चांगलं काम केलंत, सेक्रेटरीसाहेब. आजींना समाधान वाटेल."

चांगलं काम! अनंतरावांना वाटलं, आत्ताच्या आत्ता तो कागद त्यांच्या हातून ओढून घ्यावा. पण त्यांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला. यमुनाबाईंना नाव मिळेल, आपली लाज राहील, आणि देवालाही काही म्हणायला जागा उरणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

शुक्रवारी दुपारी ते रिक्षाने मांजरीला गेले. रस्त्याच्या एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला बारा-बारा मजली नव्या इमारती. पाटोळ्यांचं घर विचारत विचारत जावं लागलं. तिघांना विचारलं तेव्हा सापडलं. ज्या घराचं दार बंद होतं असं त्यांनी लिहून ठेवलं होतं, ते घर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. चौथ्या गल्लीत वळताना ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि त्यांनी खिशातला कागद चाचपला.

पत्र्याच्या दोन खोल्या. दार सताड उघडं. शंभूची मुलगी पूर्णिमा कॉलेजच्या पांढऱ्या कोटातच दूध तापवत होती. ती नर्सिंग शिकत होती. तिने यांना पाहिलं आणि आत वळून म्हणाली, "आजी, चर्चवाले अंकल आलेत." बसा म्हणाली नाही.

यमुनाबाई खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या. दोन दिवसांत चेहरा उतरला होता. "सलाम, सेक्रेटरीसायेब."

"सलाम. तुमच्यासाठी कागद आणलाय."

"वाचा."

अनंतरावांनी उभ्यानेच वाचलं. "लिपिकीय चुकीमुळे कमी झालेले ख्रिस्तवासी शंभू ज्ञानदेव पाटोळे यांचे नाव मंडळीच्या यादीत पूर्ववत दाखल करण्यात येत आहे."

"चूक कुनाची म्हनला?"

"लिपिकाची. म्हणजे लिहिणाऱ्याची."

"त्या लिवनाऱ्याचं नाव काय?"

पूर्णिमाने गॅस बंद केला.

"माझंच," अनंतराव म्हणाले.

"आन चूक कसली झाली?"

नजरचुकीने, हा शब्द तयार होता. आयुष्यभर हजारो कागदांवर त्यांनी तो लिहिला होता. पण समोर ती खाट होती, तिच्यामागे शंभूचा फोटो होता, आणि या बाईला किती दिवस उरलेत कुणास ठाऊक. त्यांना तो शब्द उच्चारवेना.

"यमुनाबाई, मी आलोच नव्हतो. भेट दिली, घर बंद होतं, असं मी माझ्या घरी बसून लिहिलं. शंभू भर सभेत मला हसला होता. त्याचा राग होता."

बोलून झालं. ते खाली बघत उभे राहिले. आता ही रडेल, शिव्या देईल, असं त्यांना वाटलं.

"ठावं हाय मला," यमुनाबाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे?"

"शंभूचा बाप अडीच वरीस ह्याच खाटंवर पडून व्हता. मी त्याच्या उशाला. दार बंद करून जानार कोन आन कुटं? त्या पाळकसायबांनी मला तुमचा शेरा वाचून दावला, तवाच मी समजले."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"कुनाला बोलू? मंडळी तुमचं ऐकतीया. म्हनून मी देवाला बोलले. नऊ वरसं माजं एकच मागनं. देवा, त्या दिवशी पुस्तकं उघडशील तवा ह्या मानसाचं पान सगळ्यांच्या आदी वाच. मोठ्यानं वाच. आन तवा मला म्होरं उभी कर. तुमी तक्ता लावायचा आन लोकं भ्यायची. मी कवाच भ्याले न्हाई. मी त्या दिसाची वाट बघत व्हते. तेवढं ऐकाया दोन बशी बदलून यायचे मी."

अनंतराव खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. वर्षानुवर्षं त्यांनी न्यायाचा दिवस शिकवला. तो दिवस कुणाला तरी हवाहवासा वाटत असेल, आपल्याच समोर दुसऱ्या बाकावर बसून कुणी त्याची आशेने वाट बघत असेल, हे त्यांच्या डोक्यातही कधी आलं नव्हतं. ते आपले कायम तक्त्याच्या बाजूला छडी घेऊन उभे. तक्त्यात आपण कुठे आहोत, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना आपली इतकी शरम वाटली की मान वर करवेना.

"मग परवा नावाचं का विचारलंत?" त्यांनी हळूच विचारलं. "सगळं ठाऊक होतं तर?"

यमुनाबाईंचा आवाज पहिल्यांदाच हलला. "त्ये बी खरंच इचारलं. देव तुमच्यावानी न्हाई, हे मला कळतंय. पर तुमचं त्ये बोलनं काट्यासारखं रुतून बसलंय. एखाद्या दिशी जीव घाबरा व्हतो. वाटतं, सेक्रेटरी शिकल्याला मानूस, खरंच असंल तर? माजं लेकरू त्या बांधावर एकलंच पडलंय."

अनंतरावांनी हात जोडले. त्यांना रडू आवरेना. "चुकलं माझं. मला माफ करा."

"मला एकलीला सांगून मोकळं व्हायचंय व्हय?" यमुनाबाईंनी डोळे पुसले आणि आवाज पुन्हा खणखणीत झाला. "नाव मंडळीम्होरं कापलं, मंडळीम्होरं सांगा. त्यो कागद न्या माघारी. असला खोटा कागद माज्या पोराला नगं. रविवारी मी येनार हाय ऐकाया."

"आजी, तू कुठेही जाणार नाहीयेस," पूर्णिमा म्हणाली. "डॉक्टरांनी स्ट्रिक्ट बेडरेस्ट सांगितलाय."

"तू गप गं."

गल्लीच्या तोंडापर्यंत पूर्णिमा सोबत आली. रिक्षा थांबवून दिली आणि म्हणाली, "अंकल, तुम्ही रविवारी नाही बोललात तर मला काही शॉक बसणार नाही. आजीला बसेल. तिचं हार्ट वीस टक्के चालतंय. बघा."

रविवार उजाडला. नाताळाआधीच्या चार रविवारांतला हा पहिला, म्हणून चर्च भरलेलं. वेदीपाशी चारांतली पहिली मेणबत्ती लागली होती. अनंतरावांनी इस्त्रीचा कोट घातला होता आणि सकाळपासून तोंडात पाण्याचा घोट घेतला नव्हता. सुहासिनीबाईंना त्यांनी काही सांगितलं नव्हतं. तीनदा सांगायला गेले आणि तीनदा परत आले.

अर्पण झालं, गीत झालं, आणि पाळकांनी मान हलवली. सूचना वाचायची पाळी सेक्रेटरीची. ते पुढे उभे राहिले. पहिली नजर दुसऱ्या बाकावर गेली. यमुनाबाई तिथे नव्हत्या. त्यांनी सगळं चर्च नजरेने धुंडाळलं. बायकांत नाहीत, दारापाशी नाहीत, कुठेच नाहीत.

सुंठीवाचून खोकला गेला! त्यांच्या मनात हे वाक्य अगदी असंच आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हातारी आली नाही. आज बोललं नाही तर कुणाला कळणार? पुढच्या रविवारी बघू. आणि पुढच्या रविवारपर्यंत कदाचित... या 'कदाचित'पाशी अनंतराव स्वतःलाच घाबरले. आपण एका बाईच्या मरणाची वाट बघतोय, हे त्यांना स्वच्छ दिसलं. असलं भय त्यांच्या तक्त्यावरच्या कुठल्याही प्राण्याचं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"मंगळवारी संध्याकाळी सहाला नाताळगीतांचा सराव," त्यांनी वाचलं. "गुरुवारी स्त्रियांची प्रार्थनासभा. ब्लँकेटवाटपासाठी तरुणांनी नावं द्यावीत." कागद संपला. पाळक उठू लागले.

"आणखी एक आहे," अनंतराव म्हणाले. "ती कागदावर नाही."

मग त्यांनी सांगितलं. सुरुवातीला ते इतकं हळू बोलत होते की मागून कुणीतरी "मोठ्याने!" म्हणून ओरडलंसुद्धा. त्यांनी सभेतलं हसणं सांगितलं, घरच्या टेबलाशी बसून लिहिलेला शेरा सांगितला, ऑफिसच्या दारातली सकाळ सांगितली. "माझ्या खोटेपणामुळे शंभू पाटोळे आज त्याच्या वडिलांशेजारी नाही. आणि त्याच्या आईला मी बोललो की त्याचं नाव देवाकडेही नाही. ते मी रागाने बोललो. ते साफ खोटं आहे."

पुढच्या रांगेतले कमिटीवाले जमिनीकडे बघत होते. सुहासिनीबाई मात्र सरळ नवऱ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अनंतरावांना वाटलं, आता इथून खाली उतरावं आणि दारातून निघून जावं.

"एक्सक्यूज मी, अंकल."

शेवटच्या बाकावर, खांबाआड, पूर्णिमा उभी राहिली होती. हातात फोन. "आजी फोनवर आहे. तिला सगळं ऐकू येत होतं, पण मधेच रेंज गेली. शेवटचं कळलं नाही म्हणतेय. परत सांगा म्हणतेय."

"अगं पोरी, घरी जाऊन सांग ना तिला," एक वडीलधारे गृहस्थ कुजबुजले.

"नाही. अंकलनीच सांगायचं म्हणतेय."

अनंतराव खाली उतरले. वेदीपासून शेवटच्या बाकापर्यंत ते चालत गेले, आणि दोन्हीकडची माणसं मान वळवून बघत राहिली. पहिल्यांदा सांगताना सगळ्यांकडे बघून सांगितलं होतं, म्हणजे कुणाकडेच बघितलं नव्हतं. आता समोर शंभूच्या डोळ्यांची शंभूची मुलगी होती. पूर्णिमाने स्पीकर चालू करून फोन त्यांच्यापुढे धरला.

"यमुनाबाई, मी अनंत. मी तुमच्या घरी आलो नव्हतो. खोटं लिहिलं. तुमच्या शंभूचं नाव देवाकडून काढायची ताकद माझ्यात नव्हती, कुणातच नसते. ते तिथे आहे. मी तुम्हाला जे बोललो ते खोटं होतं."

"ऐकलं," यमुनाबाई म्हणाल्या. "मंडळीनं बी ऐकलं का?"

"ऐकलं, आजी," पाळक विश्वजीत पुढून म्हणाले.

"मग माजं मागनं मी सोडलं. माफ केलं का न्हाई, त्ये मला अजून ठावं न्हाई. पर तुमचं पान देव वाचंल तवा मी तिथं उभी ऱ्हानार न्हाई. मला दुसरं काम हाय." त्या दम घ्यायला थांबल्या. "आता माजी एक सूचना. मालकाशेजारची जागा दुसऱ्या कुना गरजवंताला द्या. मी लोणीला जानार, शंभूपाशी. त्याचं नाव हाय म्हनताय, मंजी कर्णा वाजला की त्यो उठनार. उठंल आन बावरून इकडंतिकडं बघंल, तवा आई शेजारी पायजे. आन मला पोचवाया मंडळीनं लोणीपोतर यायचं. सेक्रेटरीसायेब, तुमी सगळ्यांच्या म्होरं."

चाळीस वर्षांच्या सवयीने अनंतरावांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला, सूचनांचा कागद त्यांनी उलटा केला आणि बाकाच्या पाठीवर ठेवून 'लोणी काळभोर' एवढं लिहिलं.

पूर्णिमाने ते पाहिलं. "आजी, ते लिहून घेतायत."

"लिवू नका म्हनावं," यमुनाबाई म्हणाल्या. "या."